गोदात्यांच्या तोंडचा सेतू

लहान मूल घरात आलं आणि मोठ्या माणसांनी त्याला घेरून "बोल ना, बोल, काकूला नाव सांग, माऊ कशी करते सांग" असं सुरू केलं की माझं डोकं अजून फिरतं. "गप बसा की जरा! त्याला बोलायचं असेल ते बोलेल," असं मी म्हणते, आणि सुना एकमेकींकडे बघून हसतात. म्हातारीचं आपलं काहीतरीच. हसू देत. ही खोड मला तंजावरला लागली, गोदात्यांमुळे. आता त्याही नाहीत आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, रुक्मिणीअक्का, त्याही गेल्या. आता सांगितलं तर कुणाचं काही बिघडणार नाही, म्हणून सांगते.

मी साताऱ्याची. लग्न होऊन तंजावरला गेले ती मोठ्या ऐटीत. मराठी घरात चाललेय, भाषेची काय अडचण? कसलं काय! त्या घरातली मराठी पिढ्यान् पिढ्या घडी घालून ठेवलेली, आणि वर तमिळचा हेल. सासूबाई बोलायला लागल्या की कुणी पोथी वाचतंय असं वाटायचं, आणि मध्येच एखादा तमिळ शब्द असा येऊन पडायचा की मी आपली मान डोलवायची. पाण्याच्या भांड्याला काय म्हणतात ते कळेपर्यंत मी त्या घरात तहानलेली राहिलेय.

आमचं घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत होतं. शेजारचं घर सासऱ्यांच्या चुलत बहिणीचं. मुळात ते एकच घर, वाटणीत मध्ये भिंत घातलेली, तीही घाईघाईत, एका विटेची. आमच्याकडे मिरचीची फोडणी पडली की पलीकडे ठसका लागे. त्या पलीकडच्या बाई म्हणजे गोदात्या.

पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती डांगराची वाटी घेऊन. दार उघडंच होतं. आत पाहते तर पन्नाशीला टेकलेली एक उंच, हाडकुळी बाई जमिनीवर पालथी पडलेली, हनुवटी दोन्ही हातांवर. समोर गल्लीतलं एक रांगतं पोर. पोर म्हणालं, "बब्बा... ङ्ङे." बाई म्हणाली, "बब्बा... ङ्ङे." तोच आवाज, तोच ओला ओठ, शेवटी लाळ गिळल्यासारखी तीच बारीक कुर्र. डोळे मिटले असते तर खोलीत दोन पोरं आहेत असं वाटलं असतं. 

"साताऱ्याची का?" त्या न उठताच म्हणाल्या. "बस. बोलू नकोस."

मी बसले. दुसरं काय करणार? डांगर सुकेपर्यंत बसले.

गोदात्या बालविधवा. वडील मोठे हट्टी, त्यांनी सगळ्या गोताचा रोष पत्करून मुलीला मद्रासला शिकवलं. मुलींना शिक्षिका करण्याच्या शाळेत त्या शिकवत. पण तो पोटापाण्याचा धंदा. त्यांचं खरं काम दुसरंच होतं: मूल बोलायला कसं शिकतं. त्यातही आमच्यासारख्या घरातलं मूल, ज्याच्या आईच्या तोंडी मराठी आणि गल्लीच्या तोंडी तमिळ. ते दोन्ही भाषा एकत्र कालवून सुरुवात करतं की पहिल्यापासून वेगळ्या ठेवतं? कुणाशी काय बोलायचं हे त्याला कधी कळतं? यावर त्या विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत होत्या. चाळिशी उलटल्यावर नाव घातलेलं, त्यामुळे शाळेतल्या बायका मागून हसत. आयुष्यात या बाईला स्वतःचं म्हणावं असं एवढं एकच मिळालं होतं.

त्यांची पद्धत मात्र जगावेगळी. मुलानं काही म्हटलं की त्या ते आधी स्वतः म्हणून बघत. एकदा, दोनदा, पाचदा. हुबेहूब जमलं की मगच कार्डावर लिहीत. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेली कार्डं. मी एकदा विचारलं, "आत्या, ऐकलंत ना? मग लिहून टाका की."

"कान खोटं बोलतो," त्या म्हणाल्या. "त्याला जे ऐकायचं असतं तेच तो ऐकतो. जीभ खोटं बोलत नाही. जे मला म्हणता येत नाही, ते मी ऐकलेलंच नाही."

मुलाला त्या कधी कडेवर घेत नसत, मुका घेत नसत, खाऊ देत नसत. "खाऊ दिला की पोर खाऊसाठी बोलतं. ते माझ्या काय कामाचं?" मूल चुकीचं बोललं म्हणून कुणी सुधारायला गेलं की यांच्या कपाळाला आठी. आमच्या घरी एकदा मद्रासहून सासूबाईंचे भाऊ आले होते. बडे अधिकारी, पोटावर साखळीचं घड्याळ. त्यांनी सेतूला, म्हणजे अक्कांच्या मुलाला, पुढ्यात उभं केलं आणि "म्हण, गुड मॉर्निंग, म्हण, म्हण की रे" असा धोशा लावला. पोर रडकुंडीला आलं. गोदात्या दारातून म्हणाल्या, "राव, तुम्ही नाचा पाहू जरा. नाचा, नाचा की. मी टाळ्या वाजवत्ये." मामांचं तोंड असं झालं! सासूबाई दोन दिवस वन्संशी बोलल्या नाहीत. मी आणि अक्का स्वयंपाकघरात पदराचा बोळा तोंडात कोंबून हसलो.

गल्लीत मात्र सगळ्याच हसत नव्हत्या. एवढी प्रौढ बाई भर दुपारी आपल्याच पोराच्या आवाजात बोलते हे ऐकून बायकांच्या अंगावर काटा यायचा. "पोराचं तोंड चोरत्ये ती," असं म्हणायच्या. दोन-तीन घरांनी तर दार बंद केलं. आमच्या सासूबाईंनाही मनातून ते पटलेलं, पण नात्यातली नणंद, बोलायची सोय नाही. सेतूच्या कपाळावरची काजळाची तीट तेवढी त्या रोज मोठी करत गेल्या.

सेतू म्हणजे गोदात्यांच्या कामाचा कणा. दोन वर्षांचा होत आला होता. दिसायला काही विशेष नव्हे, नाक सदा गळकं, पण बोलका! दूधवाली अलमेलू दारात आली की हा तिच्या तमिळमध्ये "पाल, पाल" करत धावायचा आणि तिनं ओतलेलं तेच दूध आईच्या हातात गेलं की "आई, दूद." कधी उलटं नाही. गोदात्यांना याचं कोण अप्रूप! अक्का कौतुकानं म्हणाल्या, "कित्ती हुशार ना?" तर या म्हणतात, "हुशार नव्हे गे. त्याला माणसं कळतात. भाषा नंतर."

आणि मग भिंतीचं प्रकरण झालं. सेतू झोपायचा अक्कांच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत, ती आढ्याला टांगलेली, अगदी त्या मधल्या भिंतीला लागून. दुपारची झोप संपली की तो लगेच रडत नसे. आम्ही दोघी मागे अंगणात भांडी घासत नाही तर वाळवणाला राखण बसलेल्या, आम्हाला काय पत्ता? पलीकडे गोदात्या वही तपासत बसल्या होत्या, त्यांना भिंतीतून ऐकू आलं. पोर एकटंच बोलत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्या धावत आमच्याकडे आल्या. धावणारी बाई नव्हे ती. गाल लाल झालेले.

"रुक्मिणी, तो आई होतो!"

"काय होतो?"

"एकटा असला की तो दोघांचं बोलतो. आधी सेतूचं, मग तुझं. तुझा आवाज काढतो गे!"

अक्का हसल्या. लाजल्याही. पोर आपल्या मागं आपली नक्कल करतं याचा कुठल्या आईला आनंद होणार नाही? पण त्या उठून दाराशी गेल्या की झोळी हले आणि सेतू गप्प. आई दिसली की त्याचा तो खेळ संपायचा. त्यामुळे अक्कांनी ते कधी ऐकलंच नाही.

त्याच सुमारास विद्यापीठानं गोदात्यांना ध्वनिमुद्रणाचं यंत्र वापरायला दिलं. हमालानं उचलून आणावं लागलं एवढं धूड, वर दोन चाकं. फिती मात्र मोजक्याच. त्यामुळे रीत अशी, की फीत ऐकायची, तोंडानं म्हणायची, कार्डावर उतरवायची आणि पुसून पुन्हा वापरायची. यंत्र झोळीखाली लपवून गोदात्यांनी सेतूचं ते एकट्याचं बोलणं पकडलं. अक्का म्हणायच्या, "मला ऐकवा की एकदा." गोदात्या म्हणायच्या, "काम होऊं दे. मग सगळ्यांना ऐकवीन." अक्कांनाही घाई नव्हती. पोर घरातच तर होतं.

सेतू अडीच वर्षांचा झाला त्या थंडीत गोदात्या एका दुपारी आमच्या ओसरीवर आल्या. सेतू खेळत होता. काहीतरी बोलला, यांनी सवयीनं म्हणून पाहिलं. थांबल्या. पुन्हा म्हटलं. मान हलवली.

"आज मला सेतू जमत नाही," त्या म्हणाल्या.

"दमला असाल," मी म्हटलं.

"नव्हे. त्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज आहे. घोगरा. तो माझ्या घशातून निघत नाही." मग सासूबाईंना म्हणाल्या, "वहिनी, याला डॉक्टरकडे न्या. आजच."

सासूबाईंचा पारा चढला. "ऐयो, सर्दी झाली पोराला! काढा देत्ये मी. तुम्ही भरल्या घरात अशुभ बोलू नका."

गोदात्या तडक भावजींच्या, म्हणजे सेतूच्या वडिलांच्या, कचेरीत गेल्या. भावजी आले, पोराच्या कपाळाला हात लावला, ताप किरकोळ. आईसमोर बोलायची त्यांची कधीच हिंमत नव्हती. उद्या बघू म्हणाले. उद्या सेतूचा आवाजच बसला. परवा मोठ्या दवाखान्यात नेला. घटसर्प. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. घशात पांढरा पडदा चढलेला, पोर आईकडे बघून तोंड उघडायचं आणि काही बाहेर यायचं नाही. एवढं बोलणारं पोर, जाताना एक शब्द नाही. दोन दिवसांत संपलं सगळं.

मला ते अजून धड सांगता येत नाही. अक्का रडल्या नाहीत. घरी आल्या आणि झोळी सोडायला कुणालाही हात लावू दिला नाही. सासूबाईंनी मात्र दारात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं गोदात्यांना सुनावलं. "माझ्या नातवाचं तोंड चोरलंत तुम्ही! शब्द न् शब्द काढून घेतलात, मग त्याच्याजवळ राहिलं काय? या घराची पायरी चढू नका." गोदात्या उभ्या राहून ऐकत होत्या. ज्या बाईनं सर्वांआधी दुखणं ओळखलं तिलाच हे ऐकावं लागलं. मला इतका संताप आला होता, पण नवी सून मी. जीभ चावून उभी राहिले.

महिनाभरानं, सासूबाई दुपारच्या झोपल्या होत्या, अक्का मला म्हणाल्या, "चल." कुठं ते विचारायची गरज नव्हती. त्यांना तेव्हा दिवस गेलेले होते, चालताना भिंतीचा आधार घेत होत्या.

गोदात्यांच्या खोलीत यंत्रावर कापड टाकलेलं. अक्का त्याच्यासमोर जाऊन बसल्या, देवासमोर बसावं तशा.

"ऐकवा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या कुणी शब्दांची जुळवाजुळव केली असती, तशी गोदात्यांनी केली नाही. "पुसलं गे," म्हणाल्या. "तो दवाखान्यात होता त्या दिवशी पुसलं. बरा होऊन येईल, नवं बोलेल, फीत मोकळी हवी म्हणून."

 अक्कांच्या तोंडून एक आवाज आला. महिनाभर आत दाबून धरलेलं ते. "मग मला काय राहिलं? फोटोसुद्धा नाही हो माझ्या पोराचा!"

गोदात्या उभ्या होत्या, त्या खाली बसल्या. मग भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या, गुडघे पोटाशी घेतले, झोळीत मूल असतं तसे. आणि सेतू बोलला.

"आई ये. आई ये गे."

मग त्याच बोबड्या आवाजात, पण अक्कांच्या सुरात, अक्का वाक्याच्या शेवटी जशा लाडानं खाली उतरत तशा:

"काय ले कण्णा, उतलाश?"

"उतलो."

"काऊ आला?"

"आला."

"हाकलू?"

"नको. बशू दे."

कण्णा म्हणजे त्यांच्याकडे लाडक्या पोराला म्हणतात तसं. अक्का रोज त्याला तशीच हाक मारायच्या आणि रोज अंगणातले कावळे हाकलायच्या.  मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. अक्का मात्र पुढं सरकल्या, त्यांनी गोदात्यांच्या पाठीवर डोकं टेकलं आणि ओक्साबोक्शी रडल्या. त्या दिवसापासून आमच्या अंगणातले कावळे कुणी हाकलले नाहीत.

बरं वाटलं असेल, मन मोकळं झालं असेल, असं मला वाटलं होतं. पण अक्का दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तिसऱ्याही. दुपार झाली, सासूबाईंचा डोळा लागला की अक्का पलीकडे. गोदात्यांनी कधी नाही म्हटलं नाही. प्रबंधाची कार्डं बाजूला सारून त्या आडव्या व्हायच्या. पुढे अक्कांना मुलगी झाली, मीनाक्षी. ती पाच महिन्यांची झाली तशी अक्का पुन्हा दुपारी पलीकडे जाऊ लागल्या, पोरीला झोळीत टाकून. त्याच झोळीत.

तेवढ्यात मी बाळंतपणाला साताऱ्याला गेले. परत आले ती मांडीवर सहा महिन्यांचा माझा मुलगा, बंड, याला घेऊन. दिवसभर बडबड, कावळा दिसला तरी ओरडायचा. आणि आमच्या घरात शिरल्यावर मला एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मीनू वर्षाची होत आली होती. गुटगुटीत, स्वच्छ, डोळ्यांत काजळ. पण आवाज नाही. बाब्बा नाही, दाद्दा नाही. भूक लागली की नुसती बघायची. अक्का तिला न्हाऊ घालायच्या, भरवायच्या, थोपटायच्या, सगळं न बोलता. सासूबाईंनी तर पोरीकडे पाठच केलेली, नातू गेला आणि ही आली म्हणून. भावजी कचेरीत. अलमेलू दूध ओतून निघून जायची. त्या घरात पोरीशी कुणी बोलतच नव्हतं.

मी पायरीबियरी विसरून गोदात्यांना बोलावून आणलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या. गोदात्या मीनूसमोर जमिनीवर पालथ्या पडल्या. वाट पाहत राहिल्या. त्यांची तीच ती वाट बघायची पद्धत. पोर बघत राहिलं. मग त्यांनी तिच्या पाठीमागं पितळेची वाटी वाजवली. पोरीनं झटकन मान वळवली.

"कान ठीक आहेत," गोदात्या म्हणाल्या. उठून बसायला त्यांना वेळ लागला. "साताऱ्याचे, सगळं आयुष्य मी पोरांच्या तोंडचं म्हणत आल्ये. हिचं मला काय म्हणायचं? हिच्याजवळ काहीच नाही." आणि वाटी माझ्या हातात देत, "हिची आई रोज दुपारी माझ्याकडे असते."

त्यांचा चेहरा असा काही झाला, की मी नजर खाली केली.

दुसऱ्या दुपारी मीही अक्कांबरोबर गेले, मुद्दाम, मीनूला कडेवर घेऊन. अक्का नेहमीच्या जागी बसल्या. गोदात्या आडव्या झाल्या नाहीत. पाटावर ताठ बसल्या, डोळ्यांवर चष्मा, आणि म्हणाल्या:

"काय रे कण्णा, उठलास? उठलो. काऊ आला? आला."

स्वच्छ. शाळेतल्या बाईनं धडा वाचावा तसं. आवाज त्यांचा, म्हाताऱ्या बाईचा.

अक्का गोंधळल्या. "असं नव्हे, आत्या."

"असंच होतं."

"नव्हे हो! तो 'उतलो' म्हणायचा. सूर असा नव्हता. पुन्हा म्हणा."

गोदात्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी 'उतलो' म्हणाल्या, पण एखाद्यानं पोराची थट्टा करावी तसं. मला ऐकवेना. अक्का किंचाळल्या, "हा सेतू नव्हे!"

"गेला तो माझ्या कानातून," गोदात्या म्हणाल्या. "मला तेवढंच येतं आता. वय झालं. उद्यापासून येऊ नकोस."

अक्का पाया पडल्या. खरंच, त्यांचे पाय धरले. मग शिव्या दिल्या. इतक्या सोज्वळ बाईच्या तोंडून तसले शब्द मी आधी कधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाहीत. "एकदा फितीवरून पुसलंत, आता दुसऱ्यांदा पुसलंत! तुम्ही मारलंत माझ्या पोराला!" गोदात्या बसून होत्या. एका हाताचा अंगठा दुसऱ्या हातानं घट्ट धरलेला.

अक्कांनी माझ्या कडेवरची मीनू हिसकावून घेतली आणि तरातरा घरी आल्या. मी मागं धावले. ओसरीवर येऊन त्या मटकन बसल्या, पोरीला समोर धरलं आणि तिलाच सांगायला लागल्या. दुसरं होतंच कोण ऐकायला? "बघितलंस गे? बघितलंस त्या बाईनं काय केलं? तुझ्या भावाला विसरली ती! असा बोलायचा तो, असा, ऐक. मला येतं. तिला नको येऊं दे, मला येतं की!" आणि मीनूच्या तोंडाशी तोंड नेऊन अक्का सेतूचं बोलू लागल्या. वाकडंतिकडं, रडत, शेंबूड पुसत. पोर त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होतं. जन्मल्यापासून आई पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होती, आणि तेही दुसऱ्या बाईला शिव्या घालत.

त्या शिव्या पुढे पुष्कळ दिवस चालल्या. चालू देत, मी म्हटलं. महिन्याभरात मीनू बडबडायला लागली. माझा बंड आणि ती, दोघांनी मिळून घर डोक्यावर घेतलं.

गोदात्यांनी आपला कान गेला असं सगळीकडे सांगितलं. नुसतं अक्कांना सांगून भागणार नव्हतं ना! गल्लीतल्या दुसऱ्या पोरासमोर त्या पालथ्या पडल्या असत्या तर अक्कांना कळलंच असतं. मद्रासच्या प्राध्यापकांना लिहिलं, माझ्याच्यानं आता होत नाही. हमाल येऊन यंत्र घेऊन गेला. कार्डांचे गठ्ठे दोरीनं बांधून माळ्यावर गेले. प्रबंध राहिला तो राहिलाच. शाळेतल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, वेड उतरलं. मलाही तेव्हा खरंच वाटलं होतं, की दुःखानं माणसाचा कान जातो. आपण काय शिकलेले थोडेच? गोदात्या शाळेत जात, येत, दार लावून घेत. गल्लीतून जाताना एखादं पोर काही बोललं तर थबकत, ओठ हलू नयेत म्हणून घट्ट मिटत, आणि पुढं जात.

मीनू पहिलीत गेली त्या वर्षी ह्यांची बदली पुण्याला झाली. निघायच्या दिवशी दुपारी सामान बांधून झालं तशी मी एकटीच गोदात्यांच्या पाया पडायला गेले. अक्का येणार नव्हत्याच, त्या पुढे जन्मभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं आणि तिथंच थिजले.

आतून सेतू बोलत होता, कुजबुजल्यासारखा.

"आई ये. आई ये गे."

खोलीत गोदात्या जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. केस पार पांढरे झालेले. "काय ले कण्णा, उतलाश?" तोच बोबडा आवाज, तोच अक्कांचा लाडिक उतार, एका मात्रेचा फरक नाही. तो आज नऊ-दहा वर्षांचा दांडगा मुलगा झाला असता. इथं तो तेवढाच होता. म्हणजे त्या दिवशी पाटावर बसून त्यांनी जे केलं होतं ते सोंग होतं! उभ्या जन्मात त्या बाईची जीभ एकदाच खोटं बोलली होती, तेही जीव तोडून, हातचं सगळं घालवून. मला हुंदका आवरेना.

"आत्या!" मी मोठ्यानं म्हणाले. "तुम्ही विसरला नव्हतात? अहो, अक्का तुम्हाला अजून—"

त्यांनी मान वळवून पाहिलं. दचकल्या नाहीत. बोट ओठांवर ठेवलं.

"हळू," त्या म्हणाल्या. "भिंत पातळ आहे."

भिंतीपलीकडे मीनू शाळेतून आली होती. दप्तर आपटून आईशी भांडत होती, अर्धं मराठी, अर्धं तमिळ, आणि अक्का तिच्या वरच्या पट्टीत तिला उत्तर देत होत्या. गोदात्या ऐकत होत्या. त्यांचे ओठ मीनूबरोबर हलत होते, आवाज न करता.

मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, गाडीची वेळ विचारली, पोरांना पाणी उकळून दे म्हणाल्या. मी दार ओढून घेत होते तेव्हा मागून, भिंतीलासुद्धा कळणार नाही इतक्या हळू, सेतू म्हणाला, "नको. बशू दे."